फुलाचे झाले, आता बाईचे सांगा



कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर ऊन कलले की पोरी ओळीत शिरतात. उद्या उमलणार ती कळी कोणती, हे त्यांना नजरेने कळते. पाकळ्या आणि पुंकेसर नखाने खुडून काढायचे, पण आतल्या कोवळ्या अंडाशयाला ओरखडाही लागू द्यायचा नाही, हे काम त्या गप्पा मारता मारता करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतले फूल आणायचे, त्याचे पराग त्या मादीफुलावर फिरवायचे, खूण करायची आणि पुढच्या झाडाकडे वळायचे. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून एच-४ हे संकरित वाण बाहेर पडले, तेव्हापासून देशातले संकरित कपाशीचे बियाणे अशाच हातांनी तयार होत आले आहे. त्यांतले कितीतरी हात त्या वेळी शाळेत असायला हवे होते. ती लाज वेगळी, तिच्याबद्दल पुन्हा कधी लिहू.

आज सांगायचे ते असे. फळधारणा कशी होते हे आम्हाला कृषी महाविद्यालयात चित्रे काढून शिकवले. या पोरी ती रोज करतात. आणि यांतल्याच एका पोरीने आमच्या कार्यकर्तीला सांगितले, "मला पहिल्यांदा पाळी आली तवा मी तुरीत लपून बसले. मला वाटलं, आतून काहीतरी फुटलंय, आता मी मरते."

तिला कोणी काही सांगितलेच नव्हते. आई सांगणार होती, पण आईला वाटले अजून वेळ आहे. आजीने नंतर एवढेच सांगितले की चार दिवस बाजूला बस, लोणच्याला शिवू नको आणि कोणाजवळ बोलू नको.

हे पत्रक भाव, कर्ज, वीज आणि पीक विमा यांचे. त्यात मुलींच्या पाळीचा विषय कशाला, असे काही मंडळी म्हणतील. बैठकीत काहींनी तसे तोंडावर म्हटलेही. त्यांच्यासाठी आधी हिशेबच मांडतो, कारण हिशेब आपल्याला कळतो.

कोरडवाहू भागातले घर दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई एक दिवस कामावर आली नाही तर खाडा पडतो आणि खाड्याचा दंड उचलीत मिळवला जातो. फडावर न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी लांबून आणायचे. पाळीच्या दिवसांत कापड धुवायला आडोसा नाही आणि धुतलेले कापड उन्हात वाळत घालायची लाज, म्हणून ते कोपीच्या आत ओलसर अंधारात वाळते. अंगावरून पांढरे जाऊ लागते, ओटीपोट दुखते, कंबर धरते. बाई सहा महिने, वर्ष, दोन वर्षे सोसते. मग एके दिवशी एखाद्या दवाखान्यात जाते. तिथे सांगतात, पिशवी सडली आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. तिला दोन-तीन लेकरे झालेली असतात. तिच्या समजुतीप्रमाणे पिशवीचे काम संपलेले असते. पाळीची कटकट जाईल, खाडा वाचेल, असेही वाटते. पिशवी काढली जाते आणि पैसे पुढच्या उचलीतून जातात.

बीड जिल्ह्यातल्या या गोष्टीचा २०१९ साली गवगवा झाला तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायांची माहिती घेतली गेली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा बायांमागे एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायांत हे प्रमाण शंभराला तीनच्या आसपास आहे. फरक कुठून आला, हे ज्याचे त्याने पाहावे.

दवाखान्यांनी केले ते केलेच, आणि त्याबद्दल बोलायला आपण कमी पडलो. पण आमच्या मनात दुसराच प्रश्न येतो. खताच्या दुकानदाराने नको ते औषध गळ्यात मारले तर आपण निदान विचारतो, ही कीड कोणती, हे कशावर मारायचे. ही बाई का विचारू शकली नाही? कारण अंगावरून जाणे म्हणजे काय, त्यातले नेहमीचे कोणते आणि दुखण्याचे कोणते, पिशवी कुठे असते, अंडाशय कुठे, ते काढले तर पुढे हाडे ठिसूळ का होतात, यातले एक अक्षर तिला कधी कोणी सांगितलेले नव्हते. अंगावरून जाण्याची बरीच दुखणी वेळेवर तपासली तर साध्या गोळ्यांनी बरी होतात. तिच्याकडून जे पैसे घेतले गेले ते तिच्या अज्ञानाचे घेतले गेले. ते अज्ञान बाराव्या वर्षी पेरले गेले आणि तिसाव्या वर्षी कोणी दुसऱ्यानेच त्याची काढणी केली.

हे नवे नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायांची तपासणी केली. तिचा अहवाल १९८९ साली 'लॅन्सेट' या विलायतेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ बायांना स्त्रीरोगांपैकी एक तरी रोग होता. सरासरी काढली तर एकेका बाईला साडेतीनहून जास्त. आणि त्याआधी अशी तपासणी कधी झाली होती? शंभरातल्या आठ जणींची. बाकीच्या सोसत होत्या. बाईचे अंग म्हणजे सोसायचेच, असे त्यांना वाटत होते आणि त्यांच्या नवऱ्यांनाही तसेच वाटत होते. त्या वेळी वीस वर्षांच्या असलेल्या बाया आज साठीच्या आहेत. त्यांच्या नातींना न्हाण येत आहे.

मग सांगायचे कोणी?

शाळेने सांगावे, हे बोलायला सोपे. २००७ साली केंद्राचा किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आला, तेव्हा आपल्या राज्याच्या विधिमंडळात आमदारांनी आरडाओरडा केला आणि तो बंद पाडला. आजही जीवशास्त्राच्या पुस्तकात तो धडा आला की बरेच गुरुजी "घरी वाचा" म्हणून पान उलटतात. ज्या मुलीची शाळा सातवीतच सुटली तिला तर तो धडाही नाही. आईने सांगावे, तर आईलाच कोणी सांगितलेले नाही. मोबाइल सांगतो, पण तो काय सांगतो आणि कोणाला सांगतो यावर कोणाचा ताबा नाही.

राहते गावातली आशाताई. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि हजार वस्तीला एक आशा नेमायचे ठरले. ती गावातलीच सून, तिला घराघरात जाता येते, कोणाची मुलगी कधी वयात आली हे तिला आपोआप कळते. माणूस बरोबर निवडला, यात शंका नाही. २०११ साली तिच्या हातात सहा रुपयांना सहा पॅडचे पाकीट देऊन ते मुलींना विकायला सांगितले. २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, त्यातही तिच्यावर काम आले. २०१८ साली राज्याने बचत गटांमार्फत शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड देणारी अस्मिता योजना काढली. वस्तू पोचवणे सरकारला जमते. आमच्या भागात पॅडचे पाकीट कसेबसे घरापर्यंत आले, पण पाकिटाबरोबर जे बोलणे यायला हवे होते ते मागेच राहिले. कारण बोलायचे कसे, हे त्या ताईलाही कोणी शिकवले नव्हते. ती मुलीच्या आईच्या हातात पाकीट ठेवून निघून यायची. तिला आम्ही दोष देत नाही. लसीकरण, बाळंतपण, सर्वेक्षण, नोंदवह्या आणि मोबाइलवरची माहिती, एवढे झाल्यावर संध्याकाळी तिला स्वतःची भाकरी थापायची असते.

आमचीही एक फजिती सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका गावात किशोरी शिबिर घेतले. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात सतरंजी टाकली, लाउडस्पीकर लावला, तालुक्याहून डॉक्टर आणले. ते पुरुष होते. त्यांनी भिंतीवर तक्ता टांगला आणि पाऊण तास 'स्त्री जननसंस्था' शिकवली. समोर पोरी मान खाली घालून बसल्या. मागे त्यांचे बाप आणि काके उभे. डॉक्टरांनी विचारले, कोणाला काही शंका? कोणाला नव्हती. आम्ही हार घातला, चहा पाजला, वर्तमानपत्रात बातमी दिली. दुसऱ्या दिवशी वेचणीच्या वेळी त्यांतल्याच एका पोरीने शेजारच्या ओळीतल्या म्हातारीला विचारले, "आजी, काल ते काय सांगत होते?"

शेतीचे शिक्षण घेतलेल्या माणसाला ही चूक तरी व्हायला नको होती. सत्तर-ऐंशीच्या दशकांत शेतीखात्यात 'प्रशिक्षण आणि भेट' योजना होती. वरून संदेश यायचा, तो तालुक्याला ऐकवायचा, तिथून ग्रामसेवकाला, ग्रामसेवकाने शेतकऱ्याला. शेतापर्यंत येईपर्यंत त्यात उरायचे काय, हे तुम्ही भोगले आहे. उलट शेतीशाळेत काय होते? तीच पंचवीस माणसे, तेच शेत, हंगामभर पुन्हा पुन्हा. पाने उलटून पाहायची, मित्रकीड कोणती, शत्रूकीड कोणती ते स्वतः मोजायचे, मागच्या वेळी काय ठरले आणि त्याचे काय झाले ते बोलायचे. असे शिकलेले विसरत नाही. मग मुलीला तिच्या अंगाबद्दल एका दुपारी, लाउडस्पीकरवर, एकदाच सांगून भागेल, असे आम्हाला वाटलेच कसे!

ज्यांना हे जमले त्यांनी शेतीशाळेसारखेच केले आहे. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. मुलूख आपल्यासारखाच, ज्वारीचा आणि दुष्काळाचा. त्यांनी गावोगावच्या बाया आरोग्यसेविका म्हणून घेतल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या. त्यांचे प्रशिक्षण एका दमात उरकले नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, गावात काय घडले ते सांगायच्या, नवे शिकायच्या आणि परत जायच्या. वर्षानुवर्षे असे चालले.

दुसरे उदाहरण पैठण तालुक्यातल्या पाचोडचे. तिथल्या आरोग्य संस्थेने अविवाहित मुलींसाठी वर्ग चालवले. रोज संध्याकाळी एक तास, आणि तेही वर्षभर. शिकवायला गावातलीच थोडे शिकलेली बाई, तिला तयार करून बसवलेली. अंगाची ओळख, आहार, आजार, बँक, पंचायत, सगळे त्यात होते. १९९७ ते २००१ या काळात त्या गावांतल्या मुलींचे लग्नाचे मधले वय सोळावरून सतरावर गेले. एका वर्षाने काय होते, असे ज्यांना वाटेल त्यांनी सोळाव्या वर्षी बाळंत झालेल्या आपल्या आईला विचारावे.

तेव्हा पुढच्या खेपेला आम्ही शहाणे झालो. लाउडस्पीकर नाही, हार नाहीत, पुरुष बाहेर. चार गावांतल्या आठ बाया निवडल्या: काही आशाताई, काही आमच्या महिला आघाडीच्या. चैत्रात, शेतात काम नसताना त्यांना बसवले. पहिले दोन दिवस शिकवणे नव्हतेच. प्रत्येकीने आपल्याला पहिल्यांदा पाळी आली तेव्हाची गोष्ट सांगायची, एवढेच. पहिली बोलायला अर्धा दिवस लागला. नंतर थांबवता थांबेनात. जिला स्वतःचे बोलता येत नाही ती दुसऱ्याच्या मुलीशी काय बोलणार!

तिसऱ्या दिवशी थोडा वेळ आम्हाला आत बोलावले. आम्ही कपाशीचे फूल घेऊन गेलो. आमची विद्या तीच. अंडाशय दाखवले, बीजांड दाखवले, पराग कुठून आत जातो ते दाखवले, फलधारणा झाली नाही तर फूल गळते ते सांगितले. बायांना सगळे येत होते. मग एक पन्नाशीची बाई म्हणाली, "भाऊ, फुलाचं झालं. आता बाईचं सांगा. फुलावरच थांबू नका." आम्ही गप्प झालो आणि आमच्या बरोबरच्या नर्सबाईंनी पुढे सुरू केले. सरकीच्या पिशवीचे कापड शिवून त्यांनी गर्भाशय केले होते, आत लाल अस्तर. दर महिन्याला आत हे मऊ अस्तर तयार होते, गर्भ राहिला नाही तर ते सुटून बाहेर पडते, तीच पाळी. यात विटाळ कुठे आला? तीन मिनिटे लागली सांगायला. त्या पन्नाशीच्या बाईने ते अस्तर हातात घेऊन आतबाहेर उलटे केले आणि म्हणाली, "एवढंच व्हय!"

या बाया मग आपल्या गावात आठवड्याला एकदा मुलींना घेऊन बसल्या. दहा ते एकोणीस वयाच्या, आणि दोन गट करून, कारण ज्यांना अजून पाळी आलेली नाही त्यांना आधीच सांगायचे, हाच तर मुद्दा. मुली तोंडाने विचारत नाहीत, म्हणून एका ताईने वेचणीची ओटी खुंटीला टांगली आणि चिठ्ठ्या टाकायला सांगितले. पहिल्या आठवड्याला दोन चिठ्ठ्या, दिवाळीपर्यंत ओटी भरायला लागली. पाळी एकवीस दिवसांनी आली तर चालते का? चालते, सुरुवातीची दोन-तीन वर्षे मागेपुढे होतेच. पांढरे जाणे म्हणजे आजार का? थोडे, पातळ, बिनवासाचे असेल तर नाही. खाज, घाण वास, दह्यासारखे फुटलेले किंवा ओटीपोटात दुखणे असेल तर दवाखाना. कापड वापरले तर चालते का? स्वच्छ धुतलेले, कडक उन्हात वाळवलेले सुती कापड चालते. कापूस पिकवणाऱ्याच्या घरात हा प्रश्न चिठ्ठीवर लिहून विचारावा लागतो, याचे वाईट वाटले.

एक चिठ्ठी अशीही आली की त्या ताईला रात्रभर झोप लागली नाही. त्यात काय होते ते इथे छापणार नाही. पण ताईने ती फाडून टाकली नाही, कोणाला जाऊन सांगायचे हे तिला प्रशिक्षणात शिकवलेले होते, आणि ती त्या मुलीबरोबर स्वतः गेली. अशा वेळी काय करायचे हे ज्या प्रशिक्षणात नाही ते अर्धवट प्रशिक्षण.

रक्तक्षय हाही त्यातलाच विषय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्तक्षय निघाला. पोरगी दमते, चक्कर येते, पाळीला जास्त जाते, आणि आपण म्हणतो कामाचा कंटाळा करते. आठवड्याला एक निळी लोहाची गोळी शाळेत, अंगणवाडीत मिळते. ती उपाशीपोटी घेतली की मळमळते म्हणून पोरी फेकून देतात. जेवून घ्यावी, वर लिंबू असले तर फारच बरे, आणि भाकरीवर लगेच चहा नको, हे सांगायला पैसा लागत नाही. सांगणारी लागते.

आता बापांशी दोन शब्द. "हे शिकवले तर पोरी बिघडतील." हे वाक्य प्रत्येक गावात ऐकले, म्हणून उत्तर देतो. न शिकवून काय झाले ते आकड्यात आहे. त्याच पाहणीत परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या शंभरातल्या ४८ बायांचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले, बीडमध्ये जवळपास ४४, सबंध राज्यात २२. पोरगी मोठी झाली, ऊसतोडीला जाताना मागे कोणाजवळ ठेवायची, या भीतीने आपण तिला उजवून टाकतो. तुमची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण त्या भीतीवर लग्न हा उपाय आम्हाला मान्य नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायांचे अधिवेशन भरले तेव्हाही काही शहाण्यांनी विचारले होते, बायांना कशाला जमवता, आधी कांद्याचे पाहा. लाखांनी बाया आल्या आणि त्यांनी कांदाही पाहिला. पोरांनाही हे शिकवायला हवे, हे आम्हाला मान्य आहे. त्यासाठी पुरुष कार्यकर्ते तयार करावे लागतील आणि ते काम आमच्या अंगावर आहे.

पैशाचे. सरकार आशाताईला 'स्वयंसेविका' म्हणते. या शब्दात सरकारची बचत आहे. स्वयंसेविकेला पगार द्यावा लागत नाही, केलेल्या कामाचा मोबदला तुकड्या-तुकड्याने मोजला जातो. पिकाचा उत्पादन खर्च काढताना घरच्या बाईची मजुरी कमीत कमी धरायची, त्यातलीच ही खोड. आपण ज्या गोष्टीसाठी सरकारशी भांडतो ती स्वतः करायची नाही. प्रशिक्षणाला बसलेल्या बाईला त्या दिवसाची चालू मजुरी, येण्याजाण्याचे भाडे आणि तान्हे मूल असेल तर ते सांभाळायला एक माणूस, एवढे दिल्याशिवाय प्रशिक्षण होणार नाही. प्रत्येक गावशाखेने वेचणीतल्या एका दिवसाची मजुरी यासाठी बाजूला काढावी, असा प्रस्ताव या जिल्हा बैठकीपुढे आहे. सरकारकडे मागणी वेगळी: किशोरींचे हे काम आशाताईंवर टाकायचे असेल तर त्याचे वेगळे दिवस आणि वेगळा मोबदला ठरवा, आणि वर्षातून एकदा नव्हे, दर पंधरवड्याला त्यांना बसवा.

प्रत्येक शाखेने दोन बायांची नावे बैठक उठण्यापूर्वी महिला आघाडीकडे द्यायची आहेत. नाव सुचवताना त्या बाईला आधी विचारा, तिच्या नवऱ्याला नंतर. पुढारपण करणारी नको, जिच्याजवळ गावातल्या पोरी आपणहून जाऊन बसतात ती हवी. शिकलेली असली तर उत्तम, नसली तरी चालेल. प्रशिक्षण पाडव्यानंतर, चार-चार दिवसांच्या तीन फेऱ्यांत. मुलींच्या बैठका आषाढात सुरू होतील, म्हणजे कोयते निघण्याआधी तीन महिने मिळतील, आणि फडावर जाणाऱ्या मुलींच्या बरोबर त्यांच्यातलीच एक शिकलेली मोठी मुलगी जाईल, अशी खटपट आहे. पहिल्या बैठकीला बापांनी मुलींना स्वतः आणून सोडावे. आत येऊ नये. बाहेर ओट्यावर चहा आहे.